सोबत : अ‍ॅने.

टाचणी बोथट झाली की बाबा तिने कान कोरायचे.

"अगं बाई, आणखी एक आहे!" असं अ‍ॅनीच्या जन्मावेळी नर्स ओरडली होती म्हणे.

ताईच्या फ्रॉकचं कापड उरलं, की त्यात अ‍ॅनीचा फ्रॉक.

पाटीवर अक्षर ठसठशीत हवं.

तर झालं असं. अ‍ॅनीला वकिलांच्या ऑफिसात नोकरी लागली. टेबल मिळालं, टेबलावर नावाची पाटीही मिळणार होती. कागदोपत्री नाव असं लांबलचक, की हाक पुरी होईतो माणूस जिना उतरून जाईल. तिला पाटीवर घरचंच नाव हवं होतं. अ‍ॅनी! कसं सुटसुटीत, आणि बाबांनीच ठेवलेलं. पाटीवाल्याला संध्याकाळी कळवायचं होतं.

दुपारी तिच्यापुढे जुन्या फायलींचा ढीग येऊन पडला. पत्रापत्राच्या तळाशी तेच : 'सोबत : अ‍ॅने.'

"अय्या, वेलांटीची मात्रा झालीय, पण नाव माझंच!" ती हसली.

"नाव कसलं?" हेडक्लार्क म्हणाले. "अ‍ॅनेक्शर! टिंब देऊन तोडलेला, जुन्या लोकांचा शब्द. पत्रामागे टाचलेलं शेपूट. आता कोण विचारतंय त्याला? खोडा, अटॅचमेंट लिहा."

अ‍ॅनीचं हसू जागीच वाळलं. बाबांची उभी हयात सरकारी मसुदे लिहिण्यात गेलेली. जुळ्यांत ताई पहिली, ती दुसरी. तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो काही सुखाचा नव्हता.

घरी येऊन तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"बाबा, मी शेपूट का?"

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोण गाढव म्हणालं?"

"तुम्हीच! अ‍ॅनी म्हणजे अ‍ॅनेक्शर. खरं की नाही?"

"खरं."

"ऐकलंस ना ताई? मी आपली मागून चिकटवलेली!"

"तुझं तरी बरं," ताई आतून म्हणाली. "मग मी कोण? 'महोदय'?"

"तू 'विनंती विशेष'," बाबा म्हणाले. "आता दोघी तोंडं मिटाल तर सांगतो. अ‍ॅनेक्शर कुणी आयत्या वेळी चिकटवत नसतं. आधी पत्रात त्याचा उल्लेख लागतो. उल्लेख नसताना जोडलं, तर आमचा साहेब अख्खं पत्र तोंडावर फेकायचा."

"मग नर्स कशी दचकली?"

"नर्सने पत्र कुठे वाचलं होतं?"

अ‍ॅनी जरा वेळ उंबऱ्यातच घुटमळली. मग एक चप्पल काढली, आणि दुसरी तशीच पायात ठेवून फोन लावला.

"पाटीवाले ना? घ्या लिहून. अ‍ॅने. नाही, वेलांटी नको, मात्रा. आणि पुढे टिंब."

"नावापुढे टिंब कशाला, मॅडम?"

"द्या हो. ठसठशीत द्या."

दोघींच्या जन्माआधी महिनाभर घरात पाळणे आले होते. दोन.