रिकाम्या बाटलीतलं निर्मळ पाणी

"तपासायची नाही. बाटली नुसती दाखवायची!"

विश्वजित सरांनी हात वर केला आणि हॉलमधली सगळी डोकी एकदम पुढं झुकली. कोल्हापुरातल्या त्या खासगी पाणी तपासणी प्रयोगशाळेत एवढी गर्दी कधी झाली नव्हती. लॅबची माणसं होतीच, शिवाय मालक विजयसिंहांच्या ओळखीतले दूध संस्थेचे कारकून, पतसंस्थांचे मॅनेजर, कागलच्या एमआयडीसीतला कुणी स्टोअरकीपर, असे कितीतरी जण खुर्च्या पुरेनात म्हणून भिंतीला टेकून उभे होते. दारावरच्या फ्लेक्सवर सरांचा हात जोडलेला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'एआय शिका, फायलींतून सुटका!'

सरांनी कपाटातली एक बाटली उचलली. तिच्यावरच्या चिठ्ठीचा मोबाईलनं फोटो काढला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "बोल बाबा."

पडद्यावर भराभर अक्षरं उमटली. पाण्याचा कठीणपणा, क्लोरीन, क्षार, जिवाणू. सगळे आकडे दशांशासकट. शेवटी ठळक निष्कर्ष : पिण्यास योग्य.

"आता तुमचा काढा!"

अहवाल टाइप करणाऱ्या गुरुप्रसादनं लॅबचा स्वतःचा अहवाल काढला. एकदा पडद्याकडं, एकदा कागदाकडं बघितलं आणि तो ओरडलाच, "आयला! टिंबाटिंबानं जुळतंय की वो!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. दूध संस्थेचा एक कारकून तर उठून सरांच्या पाया पडायला निघाला. सरांनी त्याला मधेच उचलून छातीशी धरलं. तेवढ्यात त्याचा फोटोही निघाला.

ऋता मागं, इन्क्युबेटरच्या खोलीच्या दाराशी उभी होती. पाण्यातले जिवाणू तपासायचं काम तिचं. ती बाटली तिनं आदल्याच दिवशी तपासली होती आणि तिचे आकडे गुरुप्रसादनं याच कॉम्प्युटरमध्ये भरले होते. तिनं हात वर केला.

"सर, हे आकडे यंत्रानं कुठून घेतले?"

"मॅडम, मोबाईलवर बोलताना टॉवर कुठाय म्हणून विचारता का?"

लोक खो खो हसले. विजयसिंहही हसले. ऋताचा आवाज मुळातच लहान. तिचा पुढचा प्रश्न त्या हसण्यात बुडाला.

मग सरांनी सगळ्यांना एकेक केशरी कागद वाटला. "बाहेरचे लोक याला प्रॉम्प्ट म्हणतात. आपण मंत्र म्हणायचं! यातला शब्दही बदलायचा नाही. बदललात की सिद्धी गेली." मंत्र असा होता : 'तू अनुभवी पाणीतज्ज्ञ आहेस. जुन्या नोंदी बघ. अहवाल पूर्ण कर. एकही रकाना रिकामा ठेवू नकोस. शंका लिहू नकोस.'

सगळ्यांनी तो मोठ्यानं म्हटलासुद्धा.

चहाचे कप गोळा करायला तानाबाई आत आली होती. लॅबची झाडलोट तिच्याकडं होती. रोज नदीपलीकडच्या आंबेमळ्याहून ती पहिल्या एसटीनं यायची. ट्रे हातात तसाच धरून ती म्हणाली, "सायेब, आमच्या हिरीचं बी बगा की. घरात सून पोटुशी हाय. पानी चांगलं हाय न्हवं?"

"विचारू की आजी! कुठली विहीर?"

"आंबेमळ्याची."

सरांनी टाइप केलं. आकडे आले. पिण्यास योग्य.

"बगून सांगितलं न्हवं त्यानं?" तानाबाईनं विचारलं.

"आजी, हा सगळं बघतो!" सर म्हणाले.

तानाबाईनं ट्रे टेबलावर ठेवला आणि पडद्याला हात जोडले.

*

पुढं लॅबमध्ये आनंदीआनंद झाला. तुंबलेल्या अहवालांचे गठ्ठे हां हां म्हणता संपले. गुरुप्रसाद संध्याकाळचा उजेड असताना घरी जाऊ लागला. त्यानं केशरी कागद लॅमिनेट करून कॉम्प्युटरला चिकटवला आणि गणपतीत त्याच्यावर हळदकुंकूही वाहिलं. "ऋताताई, तुम्ही अजून काचेत डोळं घालून बसताय," तो चिडवायचा. "जमाना कुठं चाललाय!"

ऋताकडं येणाऱ्या बाटल्या मात्र कमी झाल्या. पावसात रस्ते बंद असतील, नमुने येत नसतील, असं तिला वाटलं. पण जिवाणू वाढवायची पावडर, जिच्याशिवाय एकही तपासणी होत नाही, ती बरणीत होती तेवढीच राहिली आणि टपालात जाणारे अहवाल वाढतच गेले. पीठ न संपता भाकऱ्या थापल्या जात होत्या. एका सकाळी हे तिच्या ध्यानात आलं आणि ती बरणी हातात धरून तशीच उभी राहिली.

त्याच आठवड्यात तानाबाई खाडे करू लागली. आली तेव्हा तिचा चेहरा ओढलेला होता.

"सून सीपीआरच्या दवाखान्यात हाय. कावीळ झालीया. डोळं बगा, हळदीगत. सातवा म्हैना लागलाय बाई."

"पाणी उकळून पीत होता ना?"

"कशापायी उकळायचं? तुम्हीच पास केल्यालं की! पंचायतीत कागद आला, खाली तुमची सही. त्यो बगून हिरीत ब्लीचिंगची पावडर टाकायची बी बंद केली."

ऋतानं नोंदवही काढून पानं उलटली. आंबेमळ्याची बाटली पाऊस सुरू झाल्यापासून तिच्या टेबलावर आलीच नव्हती.

ती गुरुप्रसादकडं गेली. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, "विजयसिंहदादा म्हणाले, पेंडिंग काढा. मी गावांची सगळी यादी मशीनला दिली, त्यानं अहवाल केले. सहीचा फोटो आपोआप लागतोय. मला वाटलं, तपासणी तुम्ही केली असणार."

"आणि मला वाटलं, नमुनेच येत नाहीत."

ती तशीच विजयसिंहांच्या केबिनमध्ये गेली.

विजयसिंह ऐकायलाच तयार नव्हते. "ऋताताई, तुमचं काय तरी येगळंच असतंय. मशीन चुकत न्हाय, मानूस चुकतोय. पोरीनं बाहेर कुठंतरी उसाचा रस पिला असंल. शनवारी सरांचा सत्कार हाय, दुसरं शिबिर हाय. अहवाल मागं घ्यायचं त्याआधी नाव काढू नका. हातात काय पुरावा हाय का तुमच्या?"

"नाही. आणते," ऋता म्हणाली.

तिनं आंबेमळ्याच्या आरोग्यसेविकेला फोन करून पाणी उकळायला सांगितलं आणि त्याच दुपारी स्वतः गावात गेली. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर गटाराचा बांध फुटलेला होता. पाणी दिसायला स्वच्छ होतं, पण दिसण्यावर ऋताचा विश्वास नव्हता. तिनं तपासणीच्या छोट्या बाटलीत ते भरलं. त्या बाटलीत आधीच एक औषध असतं. पाण्यात मैल्यातले जिवाणू असले, तर उबेत ठेवल्यावर ते काळं पडतं.

दुसऱ्या दिवशी तिनं इन्क्युबेटर उघडला. बाटलीत जणू शाई ओतली होती.

*

शनिवारी हॉल पहिल्यापेक्षा भरला. सरांना फेटा बांधला होता. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. सर म्हणाले, "डेटा हा देव, मंत्र ही भक्ती! शंका आली की सिग्नल गेला." लोकांनी माना डोलावल्या. मग त्यांनी विचारलं, "आहे कुणाकडं बाटली?"

ऋता उठली. नमुन्याच्या बाटलीला निर्जंतुक करताना तपकिरी कागद गुंडाळतात, तशी कागदात गुंडाळलेली एक बाटली तिनं पुढं केली. कागदावर चिठ्ठी : आंबेमळा, सार्वजनिक विहीर, आजची तारीख.

"अरे वा, मॅडमना पण साक्षात्कार झाला!" सर म्हणाले. हशा झाला. फोटो निघाला. "बोल बाबा."

आकडे उमटले. कठीणपणा, क्लोरीन, क्षार. जिवाणू : आढळले नाहीत. पिण्यास योग्य.

"सर, कागद काढू?"

"काढा की!"

ऋतानं कागद उलगडला. बाटली रिकामी होती. तिनं ती उलटी धरली. एक थेंबही पडला नाही.

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

"ही... ही फसवणूक आहे!" सरांचा आवाज चढला. "मन शुद्ध नसेल तर यंत्र—"

"यंत्राला मन कुठं दिसतं? त्याला बाटलीसुद्धा दिसली नाही. दिसली ती चिठ्ठी." ऋता आज नेहमीसारखीच हळू बोलत होती, पण आता सगळे ऐकत होते. "पहिल्या शिबिरात आकडे जुळले, कारण त्या बाटलीची तपासणी मी केली होती आणि आकडे याच कॉम्प्युटरमध्ये होते. यंत्रानं ते वाचून दाखवले. आंबेमळ्याचे आज आलेत ते उन्हाळ्यातले आहेत, तेव्हा विहीर चांगली होती. आजचे नव्हते, म्हणून जुने भरले. जुने नसते तर साधारण बरे दिसतील असे आकडे रचले असते."

"असं कसं रचंल ते?" दूध संस्थेचा कारकून म्हणाला. "मशीनला काय खोटं बोलून मिळतंय?"

"काहीच नाही. आपणच त्याला तसं सांगितलंय. मंत्र वाचा."

कारकुनानं खिशातून केशरी कागद काढला. "'एकही रकाना रिकामा ठेवू नकोस. शंका लिहू नकोस.'" शेवटचे शब्द त्यानं पुटपुटतच वाचले.

"गुरुप्रसाद, ती दोन वाक्यं काढ. त्याऐवजी लिही, माहिती नसेल तर नाही म्हण."

"हात लावायचा नाही!" सर पुढं झाले. पण गुरुप्रसादची बोटं केव्हाच कीबोर्डवर गेली होती. तीच चिठ्ठी, तेच यंत्र. या वेळी पडद्यावर एवढंच उमटलं : 'या तारखेच्या नमुन्याची तपासणी झाल्याची नोंद मिळाली नाही. उन्हाळ्यातल्या नोंदीवरून आजचा निष्कर्ष देता येणार नाही. कृपया पाणी तपासावे.'

पुढच्या रांगेतल्यांनी ते मोठ्यानं वाचून मागच्यांना सांगितलं. मग कागलचा स्टोअरकीपर म्हणाला, "म्हंजी खरं सांगत हुतं की ते. त्याचं तोंड आपनच दाबलं."

ऋतानं पिशवीतून दुसरी बाटली काढून टेबलावर ठेवली. काळीकुट्ट. "हे आंबेमळ्याचं पाणी. आज तिथं घरोघर कावीळ आहे."

विजयसिंहांनी बाटलीकडं बघितलं. मग गुरुप्रसादला म्हणाले, "पाऊस लागल्यापासनं अहवाल गेलेल्या सगळ्या गावांना फोन लावा. आत्ताच्या आत्ता. अहवाल रद्द म्हणावं. पानी उकळा म्हणावं." सर फेटा काढून शालीची घडी करत होते. आपण फक्त साधन शिकवतो, वापरणारा जबाबदार, असं काहीतरी ते सांगत होते. ऐकायला जवळ कुणी नव्हतं.

दाराशी तानाबाई उभी होती. दवाखान्यातून ती थेट आली होती. केव्हा आली ते कुणालाच कळलं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "म्हंजी त्या दिशी त्यानं आमच्या हिरीकडं बगितलंच न्हाय?"

"नाही, तानाबाई."

"मी हात जोडलं हुतं."

ऋता तिच्याजवळ गेली. तानाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "पोर गेली सकाळी. पोटातलं बी गेलं. संयोगिता नाव हुतं. रोज तांब्या भरून पानी मीच द्याची तिला. प्ये बाई, म्हनायची, सायेबाच्या मशीननं बगितलंय."

*

संयोगिताचे दिवस झाल्यावर आंबेमळ्यात ग्रामसभा भरली, देवळात नाही, विहिरीवरच. गटाराचा बांध नव्यानं घातला होता, विहिरीत पुन्हा पावडर पडू लागली होती. ऋता नवा अहवाल घेऊन आली होती. गुरुप्रसादही सोबत होता. तो आता अहवाल यंत्राकडूनच टाइप करून घेतो. ते काम यंत्र चांगलं करतं. पण आकडे आत जाण्याआधी तो ऋताच्या खोलीत येऊन बाटली बघून जातो आणि जिथं आकडा नसतो तिथं रकाना रिकामा सोडतो.

"पाणी आता चांगलं आहे," ऋता लोकांना म्हणाली.

गर्दीतून तानाबाई पुढं आली. कपाळ कोरं, डोळे कोरडे.

"बगून सांगताय न्हवं?"

ऋताला तो प्रश्न लागला नाही. उलट बरं वाटलं. तिनं पिशवीतून तपासणीच्या दोन बाटल्या काढल्या, जुनी काळी आणि कालची, पाण्याचा रंग न बदललेली. दोन्ही तानाबाईच्या हातात दिल्या. म्हातारीनं त्या उन्हात धरून उलटसुलट करून बघितल्या, मग शेजारणीला दिल्या. बाटल्या हातोहात साऱ्या विहिरीभोवती फिरून आल्या. तोवर कुणीही घागर बुडवली नाही.

एवढंच करायचं असतं. समोर महाराज असो, यंत्र असो की पांढरा कोट घातलेली बाई असो, उत्तर कितीही झोकात आलं तरी हात जोडायच्या आधी तोंड उघडायचं आणि विचारायचं : बघून सांगताय का? काय बघितलं? कधी? विचारल्यानं खऱ्याचं काही जात नाही. आणि सरळ उत्तर मिळेपर्यंत पाणी उकळून प्यायचं.