यमुताईंच्या खाटेवरचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. नरखेडकडच्या एका शेतात अंबाडी म्हणून वाढलो. लोकांनी मला पाण्यात कुजवले, सोलले, पीळ दिला आणि नागपुरात महालातल्या एका घरच्या विहिरीवर आणून बांधले. बादली मला लोंबायची, मी रहाटाला. साऱ्या गल्लीचे पाणी मी ओढले. मग सत्तर सालानंतर घरात नळ आला आणि मी सरपणावर जाऊन पडलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

पुढे एका उन्हाळ्यात घरच्या यमुताई मोरीत घसरल्या. कंबर धरली, उठता येईना. सून इंदू आधार द्यायला धावायची, तर यमुताई तिचा हात झिडकारायच्या. सुनेला आपल्याला मोरीपर्यंत न्यावे लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणेच जवळजवळ सोडले. नागपूरचे ते ऊन, आणि ओठ फुटलेल्या यमुताई! शेवटी इंदूने मला आढ्याला बांधून खाटेवर सोडले. मला धरून त्या उठून बसू लागल्या, पण पाण्याचा पेला तसाच भरलेला राही. विहीर उपसलेला मी, मला ते बघवत नव्हते.

शेजारचे भैयाजी मास्तर भेटायला आले.

"मले कोनावर अवलंबून नाही राहायचं," यमुताई म्हणाल्या.

मास्तर हसले. "हा शब्द संस्कृतातून आला, यमुताई. 'लंब' म्हंजे लोंबणं. अवलंबणं म्हंजे कशाले तरी धरून लोंबणं. दोर आढ्याले लोंबते, तुम्ही दोराले. मंग इंदूचा हात काहून नाही चालत?"

"दोरासमोर लाज नाही वाटत, मास्तर. सुनेसमोर वाटते."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. तो पीळ माझ्यापेक्षा यमुताईंमध्येच जास्त होता.

एका दुपारी त्या उठत असताना माझा एक पेड तुटला. यमुताई खाटेवर मागे कोलमडल्या. इंदू स्वयंपाकघरातून धावत आली आणि त्यांच्याजवळ बसून रडूच लागली.

"आई, माही माय लहानपनीच गेली. तिचं मले काहीच करता नाही आलं. तुमचं त करू द्या!"

यमुताईंनी पेल्याकडे बोट केले.

"पानी दे वं," त्या म्हणाल्या. पेला संपवला, आणखी एक मागितला. "अन् मंग हात दे. मोरीत जायचं हाय."

त्यानंतर मला त्या दिवशी कोणी धरले नाही, आणि मला आनंदच झाला. मित्रांनो, घरात कोणी हात मागितला तर चटकन द्या. आणि मागायची पाळी तुमच्यावर आली, तर घसा कोरडा पडेपर्यंत थांबू नका.