वीतभर फट

पडदे शिवणाऱ्या बाईला सगळे इंचीबाई म्हणत. तीस वर्षांत तिचं माप इंचभरही चुकलं नव्हतं, आणि ते चारचौघांत सांगायची संधीही ती कधी चुकवत नसे.

त्या दिवशी तिने नमुन्यांचं पुस्तक नव्या गिऱ्हाइकाच्या बैठकीच्या खोलीत उघडलं. बायकोने एका पातळ दुधी कापडावर हात ठेवला. "हे बरंय. उजेड येईल."

"जाड हवंय. अस्तर लावून," नवरा म्हणाला. "बाहेरून काही म्हणजे काही दिसता कामा नये." आवाज अगदी गोड होता. पण चटका बसावा तसा बायकोने हात मागे घेतला, आणि ते इंचीबाईला खटकलं.

त्याचा फोन वाजला, तो आत गेला. इंचीबाई स्टुलावर चढली. बायकोने टेपचं दुसरं टोक धरलं, तशी तिची बाही सरकली. मनगटावर काळेनिळे वळ होते.

"गेल्या आठवड्यात समोरच्या मास्तरीणबाईंनी खिडकीतून पाहिलं," ती कुजबुजली. "धावत येऊन बेल वाजवली म्हणून वाचले. तेव्हापासून ह्यांना पडदे सुचलेत. माझा भाऊ बोटीवर असतो, पंधरा दिवसांनी न्यायला येतोय. तेवढे दिवस खिडकी झाकू नका, मावशी."

नवरा परतल्यावर ती म्हणाली, "वीस दिवस लागतील."

"परवा हवेत. नाहीतर शिंपी पायलीचे पन्नास मिळतात."

"परवा आणते," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ठरल्या दिवशी तिने पडदे टांगले. नवऱ्याने ते दोन्हीकडून ओढले. मधोमध वीतभर फट उरली. त्याने पुन्हा ओढले, फट तेवढीच. पलीकडे मास्तरीणबाई वह्या तपासताना स्वच्छ दिसत होत्या.

त्याचा गोडवा आटला. तो सावकाश बायकोकडे वळला. "टेप कोणी धरली होती? तू?"

"माझी चूक," इंचीबाई मधे पडली. हे शब्द तिच्या तोंडाला ठाऊकच नव्हते. "ताईंनी टेपला हातही लावला नाही. वय झालं माझं. हे कापड संपलंय, नवं ठाण यायला पंधरा दिवस लागतील. सगळं फुकट शिवून देते."

फुकट म्हटल्यावर तो नरमला. पण गल्लीभर सांगत सुटला, की इंचीबाईला आता वीत कळत नाही नि हात कळत नाही. तीन जुनी गिऱ्हाइकं तुटली. ती घरी रडली, त्याला शिव्या घातल्या, आणि रोज वाट वाकडी करून ती फट शाबूत आहे ना ते बघून आली.

सोळाव्या दिवशी ती नवे पडदे घेऊन गेली. दार त्यानेच उघडलं, दाढी वाढलेली. दाराशी एकच चपलांचा जोड होता.

तिने पडदे टांगले आणि ओढले. दोन्ही कडा अशा भिडल्या, की मधून दोरा जायची सोय नव्हती. खोलीत अंधार झाला.

"घ्या," इंचीबाई टेप गुंडाळत म्हणाली. "आता बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही."