नबी पेंटरचा शेठ

चांदूर रेल्वेत नबी पेंटरइतका सुबक हात कोणाचा नव्हता आणि पैसे मागण्यात त्याच्याइतका मुखदुर्बळही कोणी नव्हता. बोर्ड रंगवून झाला की तो ब्रश पुसत उभा राही, दुकानदार म्हणे, "कापूस निघू दे, मंग पाहू," आणि हा मान हलवून घरी येई. त्या वर्षांत कापसाला भावच नव्हता. गिऱ्हाईक शेतकऱ्याकडे बोट दाखवी, शेतकरी बाजाराकडे, आणि नबीचे पैसे एका हंगामातून दुसऱ्या हंगामात ढकलले जात.

एकदा कृषी केंद्रवाल्या सहदेवने भाव फारच पाडून मागितला तेव्हा नबीच्या तोंडून निघून गेलं, "माह्या हाती काही नाई भाऊ. शेठले इचारा लागते."

शेठ कोणी नव्हता. पण सहदेवने मुकाट्याने अर्धे पैसे आगाऊ काढून दिले.

घरी बायकोने, नईमाने, हे ऐकलं आणि त्या शेठला बाळसं आणलं. नाव अजहर, मुक्काम अमरावती, स्वभाव महाखडूस. आगाऊ घेतल्याशिवाय ब्रश बुडवू देत नाही. काम झाल्यावर कोणी म्हटलं, "अजून दोन फुलं काढ ना," तर फुलांचे वेगळे लावतो. भाव अर्थात नईमा ठरवायची. रंग, टर्पेंटाइन, जाण्यायेण्याचं पेट्रोल, आणि काम नसेल त्या दिवसांचीही थोडी तजवीज. लोक शेठला शिव्या घालत आणि नबीला चहा पाजत. दोन वर्षं घर बरं चाललं.

मग अमरावतीत फ्लेक्सची यंत्रं आली. सकाळी सांगावं, संध्याकाळी बोर्ड तयार. नबीची कामं आटत गेली, आणि तेवढ्यात वरूडहून खुशालरावांचा निरोप आला. संत्र्याचे व्यापारी, माल पॅक करायचं नवंकोरं शेड. त्याच्या चारी भिंती, फाटकावरचा बोर्ड आणि दोन ट्रक रंगवायचे होते. शेठने, म्हणजे नईमाने, वीस हजार सांगितले. खुशालराव कबूल झाले, पण एका अटीवर. पैसे शेठच्या हातात देणार. कामगाराशी ते व्यवहार करत नसत.

हे काम मिळालं तर उन्हाळ्यापर्यंत बघायला नको होतं, गेलं तर चूल कशी पेटायची ते खुदालाच ठाऊक. नईमाने अमरावतीच्या धाकट्या भावाला, अरीबला, बोलावून घेतलं. तो चपलांच्या दुकानात नोकर होता, पण लग्नातला सफारी अजून त्याच्या अंगाला येत होता. "दोन शब्द बोल, पैसे घे आन् उठ," तिने बजावलं.

वरूडला अरीबला खुर्ची मिळाली, बशीसकट चहा मिळाला. नबी दाराशी उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही, आणि शेठसमोर कामगाराने बसायचं नसतं हे त्यालाही कळत होतं.

"माणूस चांगला आहे तुमचा," खुशालराव म्हणाले, "पण भलताच हळू आहे म्हणतात."

अरीबने बशीतला चहा फुंकला. सफारी त्याच्या डोक्यात गेला होता. "काय सांगू साहेब. मांगं उभं राहा लागते, तवा कुठं हात चालते. अक्षरं तेवढी म्याच शिकवली त्याले."

नबीच्या कानशिलात वाजवल्यासारखं झालं. वीस वर्षं उन्हात शिडीवर काढलेली, आणि हा पोट्टा त्याला अक्षरं शिकवून राहिला!

"शेठ-बिठ कोणी नाई," तो म्हणाला. "हा माहा साळा होय. चपला इकते. काम माहं, भावबी माहाच."

अरीब पटकन उभा राहिला. खुशालरावांनी दोघांकडे पाहिलं आणि ते पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर मोजून ठेवलेल्या नोटा त्यांनी पुन्हा खिशात घातल्या.

"मंग बारा हजार घे."

"वीस म्हणले होते तुमी."

"ते शेठले म्हणलो होतो, बापू. पेंटरले कोन देते वीस?"

 नबीने नेहमीसारखी मान हलवली असती तरी बारा हजार खिशात येत होते. "भिंती त्याच हायेत," तो कसाबसा म्हणाला. "वीसच पडतीन."

भिंती फ्लेक्सवाल्याकडे गेल्या, ट्रकही गेले. खुशालरावांनी फाटकाचा बोर्ड तेवढा दिला. नबीने त्याचे तीन हजार सांगितले आणि दीड हजार आगाऊ मागून घेतले.

अरीब परस्पर बसने अमरावतीला पळाला. घरी नईमाने नोटा पाहिल्या, सगळी हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावून ती जमिनीवरच बसली.

"घडीभर तोंड दाबून उभे राहाले असते," ती रडवेली होऊन म्हणाली, "त सगळंच काम भेटलं असतं."

"भेटलं असतं," नबी म्हणाला. "शेठले."