तिसरी जाळी

“काका, आता बस करा,” कौस्तुभ म्हणाला. “खाली टाकीत पाणी भरून झालं. चाचणीचा पंप लावतायत.”

शांताराम चुरींनी मान वर केली नाही. संगणकावर टाकीचं चित्र होतं. सगळं अंग निळं-हिरवं, आणि पाइप जोडायचं तोंड, म्हणजे नॉझल, जिथे बसवलं होतं तिथे नखाएवढा तांबडा डाग. वसई पूर्वेच्या या कारखान्यात दाबाच्या टाक्या बनत. शांताराम तिथे बावीस वर्षं ड्रॉइंगं काढत होते. दोन हजार साल उलटल्यावर, पन्नाशीत, शिंगं मोडून वासरांत शिरले आणि तरुण इंजिनिअर कौस्तुभकडून हा संगणकावरचा ताणाचा हिशेब शिकले.

“सगळ्यात मोठा आकडा संगणक तांबडाच दाखवतो, कितीही असू दे,” कौस्तुभ म्हणाला. “आणि कोपऱ्यात हिशेब फसतो. जाळी बारीक कराल तसा ताण वाढतच जाणार. फॉल्स आहे तो.”

“वाढत गेला तर खोटा,” शांताराम म्हणाले. “थांबला तर?”

संगणक टाकीचे बारीक तुकडे पाडतो आणि एकेकावरचा ताण काढतो. ती तुकड्यांची जाळी. पहिल्या जाळीत डागावर दोनशे एकतीस आले होते, दुसऱ्या बारीक जाळीत दोनशे त्रेचाळीस. धातूला झेपणारी मर्यादा दोनशे सात. आता तिसरी जाळी चालू होती. आकडा तीनशेवर जावा म्हणून शांताराम मनातल्या मनात देवाला विनवत होते. तसं झालं तर ताण खोटा आणि ते सुटले. कारण गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून नॉझल टाकीच्या वळणाकडे सरकवलं होतं त्यांनीच, आणि त्याच्याभोवतीचं आधाराचं पॅड जुन्याच मापाचं ठेवलं होतं. शनिवारी, घाईत. हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

पडद्यावर आकडा आला. दोनशे चव्वेचाळीस.

कौस्तुभने तो दोनदा वाचला. आकडा वाढायचा थांबला होता.

टाकी फुटेलच असं तो आकडा म्हणत नव्हता. पण चाचणीला दाब नेहमीपेक्षा जास्त देतात, आणि सांध्याला तडा जायचा तर तेव्हाच जाणार. त्या सांध्यावर ॲन्सेल्मचा हात असणार होता. पाचूबंदरचा हा वेल्डर दाब दाखवणाऱ्या गेजवर विश्वास ठेवत नसे. दाब चढला की प्रत्येक सांध्यावरून तळहात फिरवायचा, कुठे घाम सुटलाय का बघायला. सगळे ओरडून थकले होते. पालथ्या घड्यावर पाणी.

शांताराम जिना जवळजवळ पळतच उतरले. पंप धडधडत होता. मालक रॉबर्टशेठ गिऱ्हाइकाच्या तपासनीसाला चहा देत होते. गेजचा काटा बारावर, चढायचं वीसवर. ॲन्सेल्म शिडीवर चढून नॉझलकडे हात नेत होता.

“हात काढ!” शांतारामांचा आवाज चिरकला. “पंप बंद करा. दाब सोडा.”

“का वो भाऊ? पानी तर कुठं गळत नाय.”

रॉबर्टशेठने त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. “तपासनीसासमोर तमाशा? कौस्तुभ सकाळी म्हणाला ना, आकडा खोटा आहे?”

कौस्तुभ जिन्यात उभा होता, खाली बघत. त्या पोराच्या आडोशाला उभं राहणं किती सोपं होतं.

“खरा आहे, शेठ. तीनदा काढला. पॅड लहान पडलंय. चूक माझी आहे.”

पंप थांबला. पाणी गटारात सोडलं. तपासनीस चहा अर्धा टाकून निघून गेला. शेठ बोलले ते हळू आवाजात. “चुरी, यापुढे तुम्ही ड्रॉइंग काढा. मंजुरीची सही कौस्तुभ करेल.”

शांतारामांना वाईट वाटलं, फार वाटलं. ॲन्सेल्मलाही झळ बसलीच. जुनं पॅड कापताना तो कुरकुरला, “चार दिवसांचं काम वाढवलंत माजं.” त्याला कुणी काही समजावलं नाही.

पुढच्या आठवड्यात टाकी पुन्हा चाचणीला लागली. नव्या ड्रॉइंगवर बदलाचं कारण लिहायचा रकाना असतो. तिथे सगळे ‘गिऱ्हाइकाच्या सूचनेवरून’ असं लिहितात. शांतारामांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘आरेखनातील चूक’. मंजुरीच्या चौकटीत सही कौस्तुभची होती.

काटा वीसवर जाऊन थांबला. ॲन्सेल्मने नव्या पॅडभोवती सावकाश तळहात फिरवला, मग शिडीवरूनच तो शांतारामांना दाखवला.

कोरडा होता. शांतारामांनी मान हलवली आणि जिना चढू लागले.