निळंच राहिलं

घरी ते तिचे सख्खे काका, प्रयोगशाळेत सर. दोन्हीकडे ऐकून घ्यायचं काम तिचंच.

"निळंच राहिलं!" काकांनी परीक्षानळी अख्ख्या विभागासमोर नाचवली. "तांबं हिच्या पेप्टाइडला हुंगूनही बघत नाही. सगळ्या सृष्टीचा संसार मोजक्या अमिनो आम्लांवर चाललाय, पण आमच्या पुतणीला जगावेगळंच हवं! बंद करा हा प्रकल्प."

सगळे हसले. सरांच्या विनोदाला हसणं हा तिथे नोकरीचाच भाग होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; तिच्या मधोमध तिने एक आडमुठं, वाकायला तयार नसलेलं अमिनो आम्ल बसवलं होतं. त्यामुळेच साखळी तांब्याला घट्ट धरायची आणि निळं द्रावण जांभळं व्हायचं. तिच्या टेबलावर रोज होत होतं.

"सर, कशात विरघळवलंत?"

"कशात म्हणजे? आपल्या नेहमीच्या बफर द्रावणात."

नेहमीचं बफर! धातूचे आयन एन्झाइमं नासवतात म्हणून काकांनीच फर्मान काढलं होतं: इथल्या प्रत्येक बाटलीत ईडीटीए पडलंच पाहिजे. ते दिसेल त्या धातूला गिळतं. म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवायचं आणि वर विचारायचं, साय कुठे गेली?

तिने ईडीटीए नसलेली स्वतःची बाटली काढली. एका नळीत साधं पेप्टाइड, दुसरीत तिचं. दोन्हींत तांबं. साधं निळंच राहिलं. तिचं वांग्यासारखं जांभळं झालं. मग त्या जांभळ्यात तिने काकांचं बफर ओतलं. पुन्हा निळं.

आता कोणी हसेना. केव्हा हसायचं ते सरांनी सांगितलं नव्हतं.

"बघा," काका घसा खाकरून म्हणाले, "मी नेहमी सांगतो, बफर तपासून घ्यावं."

"प्रकल्पाचं काय?"

"अगं, ते आपण घरी बोलू."

"घरी काका असतात. बंद सरांनी केलाय."

काका नळीकडे बघत पुटपुटले, "बरं. चालू ठेव."

"मोठ्याने, सर," ती म्हणाली. "मघाशी पार जिन्यापर्यंत ऐकू जात होतं."