नळीत रुतलेला माउथपीस

मित्रांनो, मी एक जुना माउथपीस आहे. ट्यूबा नावाचे पितळी वाद्य असते, अजगरासारखे वेटोळे घातलेले. मांडीवर घेतले की वाजवणारा निम्मा झाकून जातो. त्याच्या नळीत मला बसवतात आणि माझ्यावर ओठ टेकवून फुंकतात.

एका कारागिराने मला लेथवर कातले, चांदीचा मुलामा दिला आणि माझ्या नळीत जाणाऱ्या दांडीवर आपले नाव ठोकले. पुढे मी एका बँडमास्तरांकडे आलो. म्हातारपणी त्यांनी मला आपल्या लाडक्या शिष्याच्या हाती सोपवले. अंगाने किडकिडीत म्हणून सगळे त्याला काडी म्हणत. पण त्याने सूर लावला की तावदाने थरथरत आणि थट्टा करणारेच ठेका धरत.

एकदा सभागृहाच्या ओल्या जिन्यावर त्याचा पाय घसरला. त्याचा हात मोडला, ट्यूबा माझ्या बाजूने जमिनीवर आपटला आणि मी नळीत रुतलो. बँडवाल्यांनी मला पकडीने पिरगाळले, हातोडीने ठोकले. प्रत्येक घावासरशी मी आणखी घट्ट बसलो. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि आम्हाला अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमागे टाकले.

ओठ टेकवायचा माझा कप बाहेर, दांडी अंधारात. अशी वर्षे गेली. अंगावर हिरवा थर चढला, कपात कोळ्याने घर केले. भिंतीपलीकडे तालीम चाले. ओळखीची धून आली की मी आतल्या आत तळमळे. पण कुणाच्या श्वासाशिवाय मला आवाजच नव्हता.

मग खोली रिकामी करायला काढली. आम्ही भंगारात निघणार, तोच काडी आपल्या मुलीला घेऊन आला. केस पिकले होते, मोडलेला हात वाकडाच राहिला होता.

"तो माउथपीस माझ्या गुरुजींचा आहे, दांडीवर जुन्या कारागिराचं नाव आहे. तेवढा द्या," तो म्हणाला.

"आजोबा, तो बँडनं नंतर घेतलेला असणार," बँडचे व्यवस्थापक म्हणाले. "बँडची वस्तू अशी कशी देऊ?"

नाव दांडीवर आणि दांडी नळीत! पुरावा मीच होतो आणि कोंडलेलाही मीच.

"मग काढूनच बघू," मुलगी म्हणाली.

तिघे मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या बाईंनी सांध्यात तेल सोडले, ते मुरू दिले. मग ओढयंत्राचे जबडे माझ्या गळ्याशी बसवून त्या हळूहळू स्क्रू फिरवू लागल्या. कट्! मी सुटलो.

बाईंनी भिंग धरले. "कारागिराच्या नावाची अक्षरं हातानं एकेक ठोकलीत, ओळ बघा कशी वाकडी आहे. दांडीही हल्लीच्यापेक्षा बारीक. तुमचा बँड कधीचा?"

व्यवस्थापकांनी साल सांगितले.

"मग हा त्याच्याही आधीचा, बँडनं नंतर नवा घेतलेला नव्हे."

"घेऊन जा, आजोबा," व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनीच मला पुसून काडीच्या हातात ठेवले.

काडीने मला ओठांना लावले. रेडकू हंबरावे तसा आवाज निघाला. मुलगी हसता हसता रडू लागली.

आता त्याला ट्यूबा पेलवत नाही. तो माझ्या एकट्यावरच धून फुंकतो.

मित्रांनो, वाजवून झाले की आम्हाला अलगद फिरवून बाहेर काढा, धुऊन पुसून ठेवा. आणि कुणी रुतून बसलाच, तर त्याला विसरू नका. आत अडकलेल्याला बाहेरचे सगळे ऐकू येत असते.